67 नॅनोसेकंदांचा हिशेब

(दृश्य: फर्मागुढीचं पठार, पावसाळी सकाळ. प्रयोगशाळेत केबलने जोडलेले दोन संगणक.)

गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या या परिसरात लिनक्सचा नेटवर्क ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा कोड) वाचायला बसणाऱ्याने आधी एक आकडा लक्षात घ्यावा. 10 गिगाबिटच्या लाइनवर 64 बाइटची, म्हणजे सर्वांत लहान पॅकेट्स सलग आली, तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख येतात. एका पॅकेटच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद. तेवढ्यात दर वेळी नवं पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, मागायचं, कार्डाला त्यात थेट लिहिता यावं म्हणून ते मॅप करायचं, काम झालं की मॅपिंग काढून पेज सोडून द्यायचं, हे परवडत नाही. म्हणून बफर, म्हणजे पॅकेट ठेवायची ही जागा, पुन्हा वापरतात.

खरी अडचण तिथेच आहे. पंगतीतलं ताट पुढच्याला मांडायचं, तर आधीचा जेवून उठलेला हवा.

इंटेलच्या आयएक्सजीबीई ड्रायव्हरने 4096 बाइटच्या पेजचे दोन भाग केले. एक भाग पॅकेटसह लिनक्सच्या वरच्या थरात गेला, की दुसरा कार्डाला. पेज अजून कुणी धरून ठेवलंय का, हे रेफरन्स काउंट, म्हणजे धरणाऱ्यांची मोजणी, सांगतो. तो काउंट दर पॅकेटला बदलणं महाग, म्हणून ड्रायव्हर ‘बायस’ नावाची स्वतःची वेगळी मोजणी ठेवतो. युक्ती देखणी आहे, शंकाच नाही. पण तीच थोड्या फरकाने इंटेलच्या आयजीबी, आय40ई, आइस या ड्रायव्हरांतही उतरली. मोजणी चुकली, तर दुसऱ्याच्या हातातल्या बफरवर नवं पॅकेट लिहिलं जातं. आणि असा दोष सापडला, की प्रत्येक ड्रायव्हर उघडून बघावा लागतो.

(दृश्य: पडद्यावर कोड.)

2018 साली लिनक्स 4.18 मध्ये पेज पूल आला: पेजं पुन्हा वापरण्याचा, सगळ्या ड्रायव्हरांना वापरता येणारा सामायिक कोड. सहसा प्रत्येक रिसीव्ह क्यूला (येणाऱ्या पॅकेट्सच्या रांगेला) स्वतःचा पूल. पेज त्याच सीपीयूवर, त्याच नॅपी फेरीत (लिनक्स पॅकेट्स गठ्ठ्याने उचलतो ती फेरी) परत आलं, तर लॉक न घेता छोट्या कॅशमध्ये; दुसऱ्या सीपीयूवरून आलं, तर रिंग नावाच्या रांगेत. मॅपिंग तसंच राहतं. 2021 मध्ये, 5.14 पासून, नेहमीच्या एसकेबीतली (लिनक्समध्ये पॅकेट वाहून नेणाऱ्या रचनेतली) पेजंही पूलमध्ये परतू लागली.

आमच्या मते वेगासाठी केलेली गुंतागुंत अशी एकाच जागी, अनेकांच्या नजरेखाली असावी. ड्रायव्हरच्या लेखकाने आपल्या कार्डाकडे बघावं.

मात्र सामायिक कोड आहे म्हणून तो वेगवानच असेल, असं धरून चालू नये. 5.18 पासून पूलची आकडेवारी मिळते. ‘फास्ट’ वाढत असेल, तर पेजं कॅशमधून मिळताहेत. लोड स्थिर असूनही ‘स्लो’, म्हणजे नव्याने मागितलेल्या पेजांचा आकडा, वाढतच असेल, तर पेजं परत येत नाहीत; ती कुठे अडकलीत, ते आधी शोधायचं, मगच कोडला हात लावायचा.