आन्यानाचं लाकडी मिठागर

नमस्कार श्रोतेहो. मिठागर म्हटलं की उरण-पेणच्या खाड्या डोळ्यांपुढे येतात. आजचं मिठागर मात्र डोंगरातलं आहे, उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या आन्याना गावचं. तिथल्या झऱ्यांचंच पाणी खारं. वीसेक कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ जमिनीखाली आहे, पावसाचं पाणी त्यातून फिरून वर येतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम, इथे २०० ग्रॅमच्या वर. पुन्हा सांगतो, २०० ग्रॅमच्या वर.

झरे दरीच्या माथ्याकडे, त्यामुळे पाणी लाकडी पन्हळींतून उतारानंच खाली येतं. सपाट जमीन नाही, म्हणून दगडी भिंती आणि लाकडी खांबांवर वाफे उभारलेले. वाफ्यात पाणी २ ते ४ सेंटीमीटर, जास्त नाही. मीठ धरू लागलं की ढवळायचं, नाहीतर तळाला कडक पापडी बसते. आणि पाणी पूर्ण आटायच्या आत मीठ ओढायचं. उशीर केला तर कडू क्षारही त्यात येतात. (लोणच्याला खडेमीठच हवं, या मताचा मी आहे. रोजच्या जेवणात मात्र आयोडीनयुक्त मीठच वापरा.)

आता सिमेंटची गोष्ट ऐका. पूर्वी वाफ्यांचा तळ चिकणमातीचा असे, पुढे त्यावर दगडगोटे बसवले. विसाव्या शतकात सिमेंट आलं आणि मीठ पांढरंशुभ्र निघू लागलं. पण खारं पाणी, ऊन आणि थंडी यांनी सिमेंट तडकतं. तडकलं की जुना थर तसाच ठेवून वर नवा ओतायचा. थरावर थर, ओझ्यावर ओझं, आणि खाली तेच जुने खांब! तरी ते तग धरून होते, कारण मिठात मुरलेलं लाकूड सहसा कुजत नाही. मग समुद्रकाठच्या स्वस्त मिठापुढे इथल्या मिठाचा खप घटला, वाफे ओस पडले. खारं पाणी थांबलं. पावसाच्या गोड्या पाण्यानं लाकडातलं मीठ धुऊन नेलं, खांब कुजले, सिमेंटच्या भारानं वरचा वाफा खालच्यावर कोसळला. एकेकाळी ५,००० हून जास्त वाफे होते, शतकाच्या अखेरीस त्यातले थोडेच चालू राहिले.

२००९ पासून एक प्रतिष्ठान ही दरी सांभाळतं. दुरुस्तीत सिमेंट टाळून पुन्हा दगड आणि चिकणमाती वापरतात. आणि दुरुस्त केलेल्या वाफ्यात मीठ पिकवावंच लागतं; कोरडा ठेवला तर पहिल्या पावसापासूनच त्याचं लाकूड धुपायला लागतं.