ट्यूबलाइटचा आवाज ऐकणारी मुले

मंडळी, आजच्या पत्रिकेवर विषय छापला आहे ‘ऑटिझम आणि आपली सार्वजनिक ठिकाणे’. दवाखाने, एसटी स्थानके, मंगल कार्यालये यांत काय बदलता येईल ते मी सांगावे, असे संयोजकांशी ठरले आहे आणि मी तिकडे येणारच आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ऑटिझम म्हणजे काय हे ठाऊक आहे, काहींच्या घरात तो आहे, म्हणून व्याख्येत वेळ घालवत नाही; मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी, त्यामुळे बोलणे-मिसळणे आणि संवेदना वेगळ्या, एवढे पुरे. फक्त क्षणभर वरच्या ट्यूबलाइटकडे लक्ष द्या. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे जुन्या चोकवर चालणारी नळी सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, आणि तो चोक सतत गुणगुणत असतो. तुम्ही इथे येऊन बसलात तेव्हापासून तो गुणगुणतो आहे. मी सांगेपर्यंत तो तुमच्यापैकी किती जणांना ऐकू आला होता? आमच्या ऑटिस्टिक मुलांच्या वर्गातल्या काही मुलांना खोलीत पाऊल ठेवताच तोच सर्वांत आधी ऐकू येतो.

नको ते टाकून देणे हे मेंदूचे फार मोठे काम आहे. सुपात धान्य पाखडताना कोंडा उडून जातो आणि दाणे मागे राहतात, तशी ही निवड आपल्या नकळत चाललेली असते. ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत ती पुष्कळदा होत नाही. पंख्याची करकर, शेजारच्याचे अत्तर, सदऱ्याच्या मानेमागचे टोचणारे लेबल आणि समोरच्याचे बोलणे हे सारे एकाच जोराने आत येते. आपल्याला थोड्या वेळाने आवाजाची सवय होते, त्यांना ती सहजासहजी होत नाही. उलट तासातासाने ओझे साचत जाते. जेवणाचेही तेच. वांग्याच्या भरिताला नाही म्हणणे हा खान्देशात जवळजवळ गुन्हा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ज्या मुलाला त्या मऊ गरात मधूनच लागणारे बी आणि दोरा जिभेवर सहन होत नाही, ते मूल नखरे करत नसते. याच्या उलटही असते. काहींना स्वतःच्या शरीराच्या खुणा फार उशिरा कळतात, तहान लागलेली कळत नाही, ऊन लागते आहे हे कळत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा अशा मुलाला पाणी पितोस का असे विचारून भागत नाही. घड्याळ पाहून पाणी हातात द्यावे लागते.

ही माहिती काल-परवाची नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अशा ११ मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात मोठे आवाज आणि हलत्या वस्तू या मुलांना किती भयभीत करतात हे नोंदवलेले आहे; लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, अंडी फेटण्याचे यंत्र अशी उदाहरणेसुद्धा आहेत. तरीही अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत, जिचा आधार आपल्याकडेही घेतला जातो, संवेदनांचा हा मुद्दा निकष म्हणून आला तो २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत. मधल्या ७० वर्षांत मुलाला हट्टी ठरवले गेले आणि आईला मायाहीन. या दुसऱ्या आरोपाला खुद्द कॅनर यांच्या लिखाणाचाही हातभार लागला, हे मला फार लागते.

आता जे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही, ते सांगते. आमच्या वर्गातल्या एका मुलाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी एका शिबिरात न्यायचे होते. गाव आणि दवाखाना यांची नावे मी घेणार नाही. मुलगा ११ वर्षांचा. आजीच्या जुन्या गोधडीचा एक तुकडा त्याच्या खिशात असतो आणि गर्दीत गेला की तो त्याची किनार अंगठ्याने चोळत राहतो. एवढ्यावर तो एसटीचा प्रवास निभावतो. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचे छप्पर, दारात नुकतेच मारलेले फिनेल. टोकनचा नंबर पुकारायला भोंगा लावला होता आणि तो प्रत्येक नंबराआधी किंचाळत होता. अस्थिव्यंग, अंध, कर्णबधिर, मतिमंद, सगळ्यांची एकच रांग, आणि रांग म्हटली की आपल्याकडे मागचा माणूस पुढच्याच्या पाठीला टेकूनच उभा राहतो. सकाळी गेलेली मंडळी दुपार उलटली तरी तिथेच. मुलगा आधी डोलू लागला, मग गुणगुणू लागला. ही धोक्याची सूचना असते आणि त्याच्या आईला ती कळलीही; पण बाहेर पडावे तर नंबर जातो. तेवढ्यात एका गृहस्थांनी, शिस्त लावावी म्हणून असेल, त्याच्या हातातला तो तुकडा काढून घेतला.

त्यानंतर मुलगा फरशीवर आडवा पडला, कान झाकून ओरडू लागला आणि डोके आपटू लागला. भोवती कडे जमले. एक आजोबा कळकळीने म्हणाले, “दोन थापडा दे त्याले, सरळ व्हई जाई.” दोघा-तिघांनी मोबाइल काढले. मी तुकडा परत मागून घेतला, आईने त्याच्या डोक्याखाली पदर घातला. पण प्रत्येक जण काही ना काही बोलत होता आणि प्रत्येक शब्द त्या मुलावर भर घालत होता. शेवटी आत नेले तेव्हा तो पूर्ण गप्प झाला होता. अशा वेळी वाचा काही काळ बंद पडते, विचारलेले ऐकू येऊनही उत्तर देता येत नाही. टेबलामागून प्रश्न आला, “ऐकू येत नाही का याला?” आणि मुलगा सहकार्य करत नाही, पुन्हा घेऊन या, असे सांगण्यात आले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देण्यासाठी भरवलेल्या शिबिरात ऑटिझमची एक ठळक खूण डोळ्यांसमोर घडली आणि तिची नोंद बेशिस्त म्हणून झाली. याचा राग मला आजही येतो. घरी पोहोचल्यावर शेजारच्या मावशींनी त्याची दृष्ट काढली, मायेपोटीच. मीठमिरच्या चुलीत टाकल्या, ठसका घरभर पसरला, आणि कसाबसा निवळलेला तो पुन्हा किंचाळत अंगणात पळाला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा कबूल केलेला भाग आता भराभर सांगते.

हट्ट आणि हे कोसळणे यांत फरक असा, की हट्ट करणारे मूल कोण पाहते आहे याकडे लक्ष ठेवते आणि हवे ते मिळाले की थांबते. कोसळलेले मूल थांबू शकत नाही, आणि मोठी माणसेही अशीच कोसळतात. फक्त ती ते लपवायला शिकलेली असतात आणि घरी गेल्यावर दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळतात. असे दिसले तर मागे सरा, बोलणे थांबवा, आवाज आणि दिवे कमी करा, सोबतच्या माणसाने सांगितल्याखेरीज हात लावू नका आणि चित्रीकरण तर मुळीच करू नका. कानावर हेडफोन घातलेल्या मुलाला ‘काढ ते’ म्हणू नका. डॅमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडले, की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. मग समजून घेण्याचा सगळा भार एका बाजूनेच का वाहावा?

कायदा आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणे हा त्यात भेदभाव मानला आहे. आपण उतार बांधला की सुगम्यता झाली असे समजतो; आवाज, उजेड आणि गर्दी यांचा विचार त्या नकाशात नसतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रुग्णालयाभोवती किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. त्या शिबिराचा भोंगा रुग्णालयाच्या आवारातच होता. तिथे नंबर फळ्यावर लिहिला असता किंवा फोनवर कळवला असता, आणि अशा मुलांना सकाळची पहिली वेळ दिली असती, तर वेगळा खर्चही आला नसता.

शेवटची मागणी मंगल कार्यालयांच्या मालकांकडे आहे, त्यांतले काही जण आज इथे आले आहेत. वरपक्षाची खोली असते, वधूपक्षाची असते. तशी मागच्या बाजूला, डीजे आणि भटारखाना या दोन्हींपासून लांब, एक खोली ठेवा. जाड पडदा, मंद दिवा, सतरंजी, पाण्याचा माठ आणि आतून लावता येणारी कडी एवढे पुरे आहे. बाहेर पाटी लावा आणि लग्नघराला आधीच सांगा, म्हणजे ज्या आयांनी अशा मुलांमुळे लग्नांना जाणे सोडले आहे, त्यांनाही आमंत्रण स्वीकारता येईल. ज्यांची तयारी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. खोलीत काय असावे आणि काय नसावे, हे आमच्या वर्गातली मुले स्वतः येऊन दाखवतील.