एका पौंडाचा कर आणि राजाची सत्ता

नमस्कार मंडळी! ४ जानेवारी १६४२, लंडन. राजा पहिला चार्ल्स हत्यारबंद शिपाई घेऊन पार्लमेंटवर आला. शिपाई दाराशी थांबले आणि राजा स्वतः कॉमन्स सभागृहात, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात शिरला. पाच खासदारांना राजद्रोहाखाली पकडायचं होतं. पण त्यांना आधीच सुगावा लागला होता, ते होडीत बसून थेम्स नदीतून निसटले होते. राजाने सभापती विल्यम लेंथॉलला विचारलं, कुठे आहेत ते? लेंथॉल गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, या सभागृहाने सांगितल्याशिवाय मला इथे पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभही नाही.

हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. गुडघे टेकले राजापुढे, पण हुकूम मानला सभागृहाचा! राजा हात हलवत परत गेला.

त्या पाचांतलं एक नाव लक्षात ठेवा, जॉन हॅम्पडन.

झालं होतं असं. लढाया म्हटलं की राजाला पैसा लागायचा, आणि नवा कर बसवायचा तर पार्लमेंटची संमती हवी, ही जुनी रीत. पार्लमेंट म्हणायचं, पैसे देतो, पण आधी आमची गाऱ्हाणी ऐका. १६२८ साली याच चार्ल्सकडून त्यांनी कबूल करून घेतलं, की संमतीशिवाय कर नाही आणि कारण न सांगता कोणाला कैद नाही. चार्ल्सने हो म्हटलं, पुढच्या वर्षी पार्लमेंट बरखास्त केलं आणि अकरा वर्षं बोलावलंच नाही.

मग पैसा आणायचा कुठून? जहाज-कर नावाचा एक जुना कर होता. धोक्याच्या वेळी किनाऱ्यावरच्या लोकांनी आरमारासाठी द्यायचा. राजाने तो १६३५ मध्ये समुद्रापासून लांबच्या परगण्यांवरही लादला. बकिंगहॅमशायरच्या हॅम्पडनने वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड, भरायला नकार दिला. माणूस चांगला जमीनदार होता, पौंड त्याला जड नव्हता. कोणाला विचारून घेता, एवढाच त्याचा सवाल. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले. खटला तो हरला, पण राजाने नेमलेल्या न्यायाधीशांतलेच पाच त्याच्या बाजूने उभे राहिले! आपल्या राज्यघटनेचं २६५वं कलम वाचा. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. तोच सवाल.

पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं, १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला, १६६० मध्ये त्याचा मुलगा गादीवर आला. पोर्तुगिजांकडून मुंबई हुंड्यात मिळाली ती याच दुसऱ्या चार्ल्सला.

माझ्या मते मात्र सत्तेला खरा लगाम बसला १६८९ मध्ये. हक्कांचा कायदा झाला. पार्लमेंटला विचारल्याशिवाय कर नाही, शांततेच्या काळात कायम फौजही नाही, आणि झालेला कायदा राजाला परस्पर स्थगित करता येणार नाही. त्याच वर्षी फौजेच्या शिस्तीचा कायदा केला, तोही थोड्या मुदतीचा. मुदत संपली की राजाने पुन्हा पार्लमेंटच्या दारात यायचं. अकरा वर्षं टाळं लावण्याची सोयच उरली नाही.

१७०८ मध्ये राणी ॲनने एका विधेयकाला संमती नाकारली. त्यानंतर आजवर कोणत्याही राजाने किंवा राणीने तसं केलेलं नाही.

आजही अधिवेशनाच्या सुरुवातीला राजा भाषण वाचतो ते लॉर्ड्सच्या, म्हणजे वरच्या सभागृहात. खासदारांना बोलवायला त्याचा दूत कॉमन्सकडे जातो, आणि तो जवळ आला की दार त्याच्या तोंडावर आपटून बंद करतात. मग तो हातातल्या काळ्या काठीने तीनदा ठोठावतो. तेव्हा कुठे दार उघडतं.