‘दादा, फक्त माप सांगा’ : डिकीतला सबवूफर बॉक्स आणि आतल्या हवेचा हिशोब

नमस्कार मंडळी! पंखा बंद ठेवलाय, नाहीतर माईकमध्ये घरघर येते. त्यामुळं घाम दिसला तर चालवून घ्या.

गणपती महिन्यावर आले की गाडीत सबवूफर, म्हणजे ढमढम खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवणाऱ्यांची आपल्या चॅनेलवर एकच कमेंट पडायला लागते. "दादा, 12 इंचीच्या बॉक्सचं फक्त माप सांगा." फक्त! लांबी, उंची, खोली, तीन आकडे हातात पडले की गडी निघाला सुताराकडं. मागच्या व्हिडिओखाली एकानं लिहिलंय, "एवढं बोलण्यापेक्षा तीन आकडे टाकले असते तर काम झालं असतं." टाकले असते की! पण वूफर कुठला, गाडी कुठली, प्लाय किती जाडीचा, हे तुम्ही लिहिलंयत का? दुसऱ्याचा चष्मा घालून गाडी चालवायची हौस असेल तर देतो आकडे.

साध्या गोष्टी पटापट उरकतो, त्या तुम्हाला माहीत आहेत. लाकूड 18 एमएमचं. कोरड्या भागात एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, उत्तम. जड असतो, त्यामुळं स्वतः कमी थरथरतो. पण रत्नागिरी-चिपळूणकडच्यांनो, तुम्ही एमडीएफच्या नादाला लागू नका. पावसाळ्यात डिकीत ओल आली की तो बिस्किटासारखा फुगतो. तुम्ही मरीन प्लाय घ्या, आयएस 710 छापलेला. जोडाला फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही. स्क्रूआधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर एमडीएफची कड उलते. आतून प्रत्येक सांध्याला सिलिकॉन. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो लावला तर दिवसभर बॉक्स उघडा ठेवा, वास गेल्याशिवाय वूफर बसवायचा नाही. तो वाफारा वूफरच्या गोंदाला आणि रबराला बाधतो. झालं. कारपेट, जाळी, लायटिंग हे तुमच्या आवडीवर.

सीलबंद बॉक्स की पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी पाईप काढलेला? सीलबंद छोटा होतो, चुका पोटात घालतो, ठोका आखूड आणि स्वच्छ देतो. गाडीची केबिन छोटी असल्यामुळं खालचे सूर आपोआप उचलले जातात, म्हणून सीलबंद गाडीत वाटतो तितका बिचारा नसतो. पोर्टवाला त्याच अँप्लिफायरवर जास्त मोठा वाजतो, पण जागा जास्त खातो आणि हिशोब चुकला की माफी नाही. पहिलाच बॉक्स असेल तर सीलबंद करा. ऐकणार नाही तुम्ही, माहितीय मला.

आता मुद्द्यावर. वूफरच्या खोक्यात एक कागद येतो, तो फेकू नका! त्यावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असलं काहीबाही छापलेलं असतं. त्याला थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात बसून हे गणित मांडलं, थीलचा पेपर 1961 चा. त्याच कागदावर कंपनी सरळ लिहून देते की सीलबंद बॉक्स इतक्या घनफुटांचा, पोर्टवाला इतक्या घनफुटांचा. 1 घनफूट म्हणजे 28.3 लिटर. मी सगळं लिटरमध्येच बोलतो, कारण तेलाचा डबा सगळ्यांनी पाहिलेला असतो. वूफरला हवी असते हवा. बॉक्स बाहेरून केवढा दिसतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कागदावर लिहिलेले लिटर म्हणजे आत उरलेली, मोकळी हवा.

(कॅमेरा बॉक्सवर)

हा बॉक्स बघा. बाहेरून 60 सेंटिमीटर लांब, 38 उंच, 32 खोल. गुणाकार करा : 73 लिटर. सुतारकाकांच्या वहीत हेच माप, मालकाच्या डोक्यात हेच लिटर. आता फळीची जाडी काढा. 1.8 इकडून, 1.8 तिकडून. 56.4 गुणिले 34.4 गुणिले 28.4. किती? 55 लिटर. अठरा लिटर हवा लाकडात गेली! आणि समोरची फळी मी नेहमी दुहेरी लावतो, वूफरचं वजन तिच्यावर असतं. म्हणजे खोलीतून आणखी 1.8 गेले. राहिले साडेएक्कावन्न.

टिंबर मार्केटला माझा बॉक्स कापणारे काका आहेत, चाळीस वर्षं कपाटं बनवतात, हात असा की जोडात पत्र्याचा तुकडा जाणार नाही. पण कपाटाचं माप बाहेरून देतात, कारण कपाट भिंतीत बसायचं असतं. त्यांची काही चूक नाही. त्यांना "आतून" हा शब्द तुम्ही सांगायचा असतो. मी हल्ली कागदावर लाल पेनानं लिहितो, आतून, आणि खाली दोन रेघा. तरी ते एकदा फोन करून विचारतातच, "आतून म्हणजे आतूनच ना?"

आता तोच मुद्दा दुसऱ्या बाजूनं. साडेएक्कावन्न लिटरची रिकामी पेटी झाली. तुम्ही आत काय काय कोंबणार? वूफरचं चुंबक आणि सांगाडा, 12 इंचीचे धरा 3 लिटर, नेमका आकडा कागदावर असतो. मधे आधाराची पट्टी, साधारण 1 लिटर. पोर्टचा पाईप, तो त्याच्या जाडीसकट जागा खातो. दीड लिटर धरा. राहिले 46. म्हणजे 73 म्हणून सुरू केलेली गोष्ट 46 वर आली आणि आपण अजून काही चुकलेलो नाही, फक्त नीट मोजलं.

"दादा, एवढ्यानं काय फरक पडतो?" पडतो. पोर्टवाला बॉक्स म्हणजे बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं आहे. बाटलीत पाणी वाढलं, हवा कमी झाली, की सूर चढतो. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं हे काम, एकोणिसाव्या शतकातलं. आता आपला पाईप घ्या, आतून 10 सेंटिमीटर व्यासाचा. 73 लिटर समजून 35 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 35 कंपनांच्या सुराला, ट्यून करायचं तर पाईपची लांबी येते 19 सेंटिमीटर. कापला, बसवला, आणि आत हवा निघाली 46 लिटर. तोच पाईप आता 44 हर्ट्झला बोलणार. ट्यूनिंगच्या खालचा सूर आला की वूफरमागची हवा त्याला धरत नाही, वूफरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, मोकाट सुटतो. 38 हर्ट्झचा ठोका आला की आवाज कमी आणि कोनची उडी जास्त. मग तुम्ही म्हणता वूफर डुप्लिकेट निघाला.

मी स्वतः केलेलं आहे हे. पहिला बॉक्स चुलतभावाच्या झेनमध्ये, उत्साह भरपूर, माप बाहेरून. दोन दिवस नुसती पत्र्याची बादली बडवल्यासारखा आवाज. दोष दिला अँप्लिफायरला. मग वायरला. मग भाऊ म्हणाला आवाज वाढव, म्हणून वाढवला. तिसऱ्या संध्याकाळी कोन एकदा टक् करून थांबला आणि जळका वास आला. भावानं वूफरचे पैसे घेतले नाहीत, पण अजून लग्नकार्यात चार लोकांसमोर विषय काढतो.

पाईपवरून आठवलं. "4 इंची ड्रेनेजचा पाईप चालेल का?" चालतो की, मीही तोच वापरतो. फक्त आतला व्यास टेपनं मोजा. आणि आतल्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत निदान एका व्यासाएवढी मोकळी जागा ठेवा. भिंतीला नाक लावून श्वास घ्या एकदा, कळेल.

दुसरी नेहमीची कमेंट सीएनजीवाल्यांची. डिकीत टाकी आहे, बॉक्स बसेल का? टाकीला टेकवून काही बसवायचं नाही, तिच्या पट्ट्यांत स्क्रू मारायचा नाही, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. टाटानं 2023 मध्ये अल्ट्रोजमध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली घेतल्या, तसली गाडी असेल तर वर जागा मिळते. बाकीच्यांनी सीटखालचा सपाट वूफर बघा. नाराज होऊ नका.

हां, तर माप. तिसरी बाजू, आणि इथं जुने खेळाडूही आपटतात. मागची सीट तिरकी असते. बॉक्स तिला चिकटून बसावा म्हणून आपणही पुढची बाजू तिरकी करतो. समजा आतली खोली खाली 36 आणि वर 26. बरेच जण 36 नं गुणतात, कारण टेप जमिनीवर टेकवून मोजायची सवय. धरायची सरासरी, 31. नाहीतर सातवा हिस्सा हवा तुमच्या कल्पनेतच राहते. आणि स्टेपनी विसरू नका. बॉक्स उचलून बाहेर काढता आला पाहिजे. आंबा घाटात रात्री पंक्चर होईल तेव्हा वीस किलोचा बॉक्स तुम्हालाच काढायचाय. वजन एवढं, म्हणून तो पट्ट्यानं आवळूनही ठेवायचा. कचकन ब्रेक लागला तर तो सीटवर येतो.

बॉक्स झाला की उदबत्ती लावा. पूजा करा हवी तर, पण मी तपासणीचं सांगतोय. हळू आवाजात 30 हर्ट्झचा सूर चालू ठेवा आणि उदबत्ती सांध्यांजवळून, वायरच्या भोकाजवळून सावकाश फिरवा. धूर थरथरला तिथं गळती. सीलबंद बॉक्सला हे करायलाच हवं. वायरिंग पुढच्या वेळी बोलू. तोवर एवढंच की बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज नसेल तर गाडी चालूसुद्धा करू नका.

आता राहिला स्विफ्टवाल्यांचा प्रश्न. तुमच्या डिकीत चाकाच्या फुगवट्यामागं जो कोनाडा आहे, तिथं फायबरचा बॉक्स करतात. त्याला ना लांबी ना रुंदी. तो मोजायचा कसा? सूत्र नाही, दाणे ओतायचे. मी आधी थर्मोकोलचे दाणे वापरले. ते हाताला, केसाला, बॉक्सला चिकटले, अर्धे पंख्यानं उडाले. मग आत स्वच्छ प्लास्टिक अंथरून तांदूळ ओतला, 5 लिटरच्या डब्यानं मोजत मोजत. सात डबे, 35 लिटर. वूफरचे 3 वजा करून 32. कंपनीनं मागितले होते 31. असं नशीब रोज नसतं.

फक्त एक. 35 लिटर म्हणजे अठ्ठावीस-तीस किलो तांदूळ होतो, हे मला ओतायला लागल्यावर कळलं. घरात तेवढा एकच होता, वर्षाचा भरलेला आजऱ्याचा घनसाळ. आई देवळात गेली होती. परत आली तेव्हा मी चौथ्या डब्यावर होतो. ती दारात उभी राहिली, बॉक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मोजून घेतोयस ना? मग मोजूनच परत भर."

सातच्या सात डबे भरले. ते प्लास्टिक मी अजून जपून ठेवलंय. कुणाला स्विफ्टचा कोनाडा मोजायचा असेल तर कमेंटमध्ये लिहा. तांदूळ तुमचा तुम्ही आणायचा.