मामाच्या तलावातलं पाणी

(मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या निमित्ताने अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, विषय मला फार मोठा दिलाय. पत्रिकेवर छापलंय, ‘विचार बदला, जग टिकवा’. जगातलं मला फारसं कळत नाही. आपल्या गावचा तलाव कळतो, तोही अर्धाच. तेव्हा मी तलावावरच बोलतो.

मागे पुण्याकडचे एक पाहुणे आले होते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभे राहून म्हणाले, ‘मामा तलाव? कोणत्या मामांनी बांधला?’ आता मामा म्हणजे माजी मालगुजारी, कागदावर लिहायला सोयीचं आखूड नाव. मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारा जमीनदार. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. त्यातल्या ‘मालगुजारी’बद्दल सगळे बोलतात. मला ‘माजी’बद्दल बोलायचंय.

जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन, असा चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंड राजांचा रिवाज सांगतात. बक्षिसाचं माप बघा. किती खणलं, किती खर्च केला, ते कोणी विचारत नव्हतं. किती भिजलं ते विचारत होते. आपल्याकडे कोहळी समाजाने हे काम असं केलं की उतार, जंगल, नाला पाहून एकाखाली एक तलाव बसवले. वरच्याचा सांडवा वाहिला की खालचा भरायचा. म्हणून वरच्या गावाला मनाला येईल तसं पाणी अडवता येत नव्हतं, खालच्या गावात सोयरीक असायची ना!

माझे आजोबा सांगायचे, धान घरी आलं की घरटी एक माणूस पाळीवर माती टाकायला आणि पाट साफ करायला जायचा. नाही गेला तर त्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला पाणी शेवटी. हे ऐकून कोणी म्हणेल, वा, काय सोन्याचे दिवस! तसं समजू नका जी. त्याच पाळीवर वेठबिगारीने राबलेली माणसंही होती, आणि मालगुजाराच्या वाड्यापुढून पायातल्या चपला हातात घेऊन जावं लागायचं, हेही आजोबांनीच सांगितलं. मला ते दिवस परत नकोत.

१९५१ साली मालगुजारी गेली. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो, कायदा नागपुरात झाला होता. जमिनीबरोबर तलावही सरकारजमा झाले. गेली ती मालगुजारी, बरंच झालं. पण एक गंमत झाली. कागदावरचा मालक एका दिवसात बदलला, डोक्यातला बदलायला वीस-पंचवीस वर्षं लागली. आधी लोक म्हणायचे, ‘आपला तलाव’. मग ‘तलाव’. मग ‘सरकारी तलाव’. शंभर हेक्टरपर्यंतचे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे, अशी वाटणी झाली. तुडुम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार, फुटलं तर अर्ज करायचा. अर्जाचं उत्तर येईपर्यंत पाणी वाहून जायचं. माती टाकायला जाणारा माणूस घरी बसला, कारण सरकारची पाळ, सरकारने टाकावी. त्यात त्याचंही फार चुकलं नाही, पाणीपट्टी तो भरतच होता.

मी हे मुद्दाम सांगतोय. माणसाचा स्वभावच स्वार्थी, तो काही बदलत नाही, असं म्हणणारे मला रोज भेटतात. अरे, बदलतो की! आपल्याच गावात एका पिढीत बदलला, फक्त उलट्या दिशेने. आणि तो कोणाच्या भाषणाने बदलला नाही. पाण्याशी बांधलेलं काम सुटलं म्हणून बदलला.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला लाज वाटते, पण मंडईत आपलीच माणसं आहेत. तलावाखाली माझी तीन एकर बांधी आहे. एका वर्षी उन्हाळी धानाचा मोह झाला. भाव चांगला होता, मोटरपंप होता. आम्ही सहा-सात जणांनी वैशाखात तळापर्यंत पाणी ओढलं. धान झकास पिकलं. पावसाळ्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली एक बाई दारात आली. मासे आहेत का म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, ‘गुरुजी, तुमचं धान पिकलं जी, आमचा तलाव मेला.’

मी शिक्षक, पण मला हे ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात तळाच्या खोलगट भागात जे पाणी राहतं, त्यात पुढच्या वर्षीचे मासे जगतात. पहिल्या पुरात ते वरच्या नाल्यांत, बांध्यांत चढतात आणि तिथे अंडी घालतात. तळ कोरडा केला की चढायला कोणी उरत नाही. मग ढिवरांच्या मासेमारी संस्थेला रोहू-कतल्याचं बीज विकत आणावं लागतं, त्यासाठी उसने पैसे घ्यावे लागतात. माझ्या धानाचा खर्च मी वहीत लिहिला होता: डिझेल, खत, मजुरी. तिच्या घरातल्या उसनवारीला त्या वहीत रकाना नव्हता. वही खोटी नव्हती, अपुरी होती.

ढिवराच्या नावावर सातबारा नाही. त्याचं शेत पाण्याखाली आहे, ते कोणत्या तलाठ्याला दिसणार? समतेवर आपण मोठी चर्चा करतो, पण पाण्याची बैठक बसली की बांधीवाले पुढे आणि जाळंवाले दाराजवळ. पर्यावरणाच्या बैठकीतही तेच.

याच जिल्ह्यांमध्ये भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर बरंच काम केलंय. तलावात माजणारी बेशरमची झुडपं उपटायची, उन्हाळ्यात तळाचा तुकडा नांगरायचा आणि तिथे स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. पुष्कळसं काम बायांनी केलं. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं. आपण देवधानाला, म्हणजे तलावात आपोआप उगवणाऱ्या रानटी धानाला तण म्हणतो. त्यांना विचारा.

आता मेंढा (लेखा). गडचिरोलीतलं, धानोरा तालुक्यातलं हे गाव तुम्हाला माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूची वाहतूक करायचे पास गावाच्या हाती आले. पण मला त्या गावाचं कौतुक वाटतं ते मतदान न करण्याचं. निर्णय सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो, पुन्हा बसायचं. किती वेळ जातो! पण बहुमताने ठरवलं असतं तर माझ्या उन्हाळी धानाला आमच्या गावात कधीच विरोध झाला नसता. ढिवरांची घरं ती किती?

मेंढा गोंडांचं गाव, आपलं बारा जातींचं. त्यांचं तसंच्या तसं इथे उतरणार नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आपल्याकडे सहमतीला भांडणं होतील, जुनी देणी-घेणी निघतील. निघू द्या.

मला आज एकच गोष्ट मागायची आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक विषय घ्या: वैशाखात तलावात किती पाणी ठेवायचं. पाळीजवळ एक दगड रोवू, त्याला खूण करू. खुणेखाली पाणी गेलं की पंप बंद, माझाही. खूण कुठे करायची ते आधी ढिवरांच्या बायांना विचारायचं, आणि त्या दिवशी त्यांना दाराजवळ बसवायचं नाही. सरपंच मान हलवताहेत, बघा, सगळ्यांनी पाहिलंय.

दंडारवाली, म्हणजे आपल्या लोकनाट्यातली पोरं केव्हाची तोंडाला रंग लावून उभी आहेत. ढोलकी तापवलीय त्यांनी. मी बसतो.