एक उच्चार, दोन शब्द: कॅरेट

पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात टोमॅटोचा लिलाव सुरू झाला की पिकअपच्या रांगांमधून ‘कॅरेटला काय भाव फुटला?’ हा एकच प्रश्न फिरू लागतो. येथे बोली किलोवर लागत नाही. सुमारे वीस किलो माल मावणाऱ्या त्या जाळीदार प्लास्टिकच्या खोक्यावर लागते, आणि त्या खोक्याला सारा नाशिक जिल्हा ‘कॅरेट’ म्हणतो.

मूळ इंग्रजी शब्द अर्थातच ‘क्रेट’. जोडाक्षराने सुरू होणाऱ्या शब्दात स्वर सरकवून तो मोकळा करण्याची खोड आपल्या बोलींना जुनीच आहे. ‘प्रसादा’चा ‘परसाद’ आणि ‘क्रिकेट’चे ‘किरकेट’ तिनेच केले. त्या न्यायाने ‘क्रेट’चे ‘करेट’ व्हायला हवे होते. ते ‘कॅरेट’ झाले, याचे कारण बहुधा सोन्याचे कॅरेट आधीपासून कानात बसलेले होते, हेच असावे.

‘क्रेट’चे मूळ सामान्यतः लॅटिनमधील ‘क्रातिस’ या शब्दात सांगितले जाते. त्याचा अर्थ काटक्यांची विणलेली जाळी किंवा ताटी. त्याच शब्दाच्या लघुरूपातून फ्रेंचमार्गे ‘ग्रिल’ आले. म्हणजे आपल्या खिडकीचे लोखंडी ग्रिल आणि टोमॅटोचे खोके ही एकाच घराण्यातली भावंडे ठरतात. हे खोके जवळून पाहावे: चारही बाजूंना हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या उभ्या फटी आजही त्या जुन्या ताटीचीच आठवण देतात. काही शेतकरी त्याला सरळ ‘जाळी’ म्हणतात. लॅटिन न शिकता त्यांनी मूळ अर्थ अचूक पकडला आहे.

आता सराफ बाजार. येथील ‘कॅरेट’ ग्रीक ‘केरातिऑन’पासून, म्हणजे ‘छोटे शिंग’ या अर्थाच्या शब्दापासून निघाले. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरब नावाच्या झाडाला शिंगासारख्या वाकड्या शेंगा येतात, त्यांच्या बिया वजनाला वापरल्या जात, आणि अरबीतील ‘किरात’ होऊन तो शब्द युरोपीय भाषांत पोहोचला. या बिया वजनाला तंतोतंत सारख्या असतात, ही समजूत मात्र प्रत्यक्ष मोजणीत टिकली नाही. हिऱ्याचे कॅरेट १९०७ मध्ये २०० मिलिग्रॅम असे ठरले. सोन्याचे कॅरेट वजन सांगत नाही, शुद्धता सांगते: रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचे ‘सॉलिडस’ हे सोन्याचे नाणे २४ कॅरेट वजनाचे होते, त्यावरून शुद्ध सोन्याचे २४ भाग धरले गेले. त्यातले २२ भाग म्हणजे हजारात सुमारे ९१६. सराफाच्या भिंगाखाली पाटलीच्या आतल्या बाजूला दिसतो, तो हाच आकडा.