टोपीसारखे कवच आणि चार वेगळ्या वंशशाखा

नमस्कार. पडद्यावरील ही चार कवचे नीट पाहा. चारही बसकी, टोपीसारखी आहेत आणि त्यांतील प्राणी खडकाला किंवा एखाद्या कठीण पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहतात. केवळ कवच पाहिले, तर या सागरी गोगलगाई एकाच गटात बसवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात पॅटेला, फिस्युरेला, क्रेपिडुला आणि सायफोनेरिया या चार प्रजाती चार निराळ्या शाखांतील आहेत. लाटांच्या माऱ्यात रुंद पायाने तग धरू देणारा हा आकार उदरपाद प्राण्यांत, म्हणजे गोगलगाईंच्या वर्गात, अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला; म्हणून नाते शोधायचे तर कवचाखाली पाहावे लागते.

फिस्युरेलाला कल्ल्यांची जोडी असते आणि श्वसनासाठी आत घेतलेले पाणी कवचाच्या माथ्यावरील छिद्रातून बाहेर पडते. क्रेपिडुलाला एकच कल्ला असतो, पण तो श्वसनाबरोबर पाण्यातील अन्नकण गाळण्याचेही काम करतो. सायफोनेरियात हवेतील श्वसनासाठी फुप्फुसासारखी पोकळी असते. पॅटेलाची ओळख पटते ती रॅड्युलावरून, म्हणजे मुखातील दातेरी पट्टीवरून: तिचे दात गोएथाइट या लोहखनिजाने कठीण झालेले असतात, त्यामुळे खडकावरील शेवाळ खरवडता येते.

१८४८ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी कल्ले हृदयाच्या पुढे आहेत की मागे, यावरून प्रोसोब्रँकिया (कल्ले पुढे) आणि ओपिस्थोब्रँकिया (कल्ले मागे) हे गट मांडले. निरीक्षण बारकाईचे होते. मात्र डिंभावस्थेत, म्हणजे अंड्यानंतरच्या बाल्यावस्थेत, शरीराचा वरचा भाग सुमारे १८० अंशांत फिरतो आणि त्यामुळे कल्ले पुढे येतात. हे लक्षण सर्व उदरपादांच्या पूर्वजापासून चालत आलेले आहे. सायफोनेरियाची शाखा, हेटेरोब्रँकिया, अशाच पूर्वजांतून निघाली. तिला बाहेर ठेवून उरलेल्यांचा प्रोसोब्रँकिया गट करणे म्हणजे एका पूर्वजाच्या काही वंशजांना वगळणे होय. आधुनिक वर्गीकरणाला हे मान्य नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण गटाच्या नावातून सामायिक वंश कळला पाहिजे.

पॅटेलाच्या शाखेचा प्रश्न अधिक अवघड आहे. १९९७ मध्ये पाँडर आणि लिंडबर्ग या प्राणिशास्त्रज्ञांनी शरीररचनेच्या विश्लेषणावरून ही शाखा सर्वांत आधी वेगळी झाल्याचे मांडले, तर पुढे मोठ्या प्रमाणावरील जनुकीय तुलनांनी तिला फिस्युरेलाच्या शाखेजवळ, म्हणजे व्हेटिगॅस्ट्रोपोडाजवळ, आणून ठेवले.